४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का?

नाही. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फर्मा या गणितज्ञाला ती मूळ वाटली होती, पण १७३२ मध्ये ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाने तिला ६४१ ने नि:शेष भाग घालवला: ६४१ × ६७,००,४१७. हे दोन्ही अवयव मात्र मूळ आहेत.

ऑयलर सगळे आकडे तपासत बसला नाही. हिचा मूळ अवयव ६४ ने भागल्यावर बाकी १ च उरते. म्हणजे अशी बाकी देणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या: १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी ६४१. पाचव्याच प्रयत्नात सापडला की!

मला आवडते ती गंमत वेगळीच: ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५ आणि २ यांच्या चौथ्या घातांची बेरीज. शिवाय ६४१ = ५ × १२८ + १. या दोन ओळींवरून मोठा भागाकार न करताही भाग जातो हे सिद्ध होतं.