पीटीचा तास आणि दमा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सातवीत दमा असलेली दोन मुलं आहेत. पळून थांबली की खोकतात. म्हणून पीटीच्या तासाला त्यांना सावलीत बसवतो. योग्य आहे का? (क्रीडाशिक्षक, नाशिक जिल्हा)

उत्तर : बसवून ठेवू नका. तुम्ही लिहिलेलं ‘थांबली की’ महत्त्वाचं आहे. पळताना मूल तोंडाने श्वास घेतं, त्यामुळे नाकात ऊब आणि ओल न मिळालेली कोरडी हवा थेट श्वासनलिकांत जाते. आतलं अस्तर सुकतं, नळ्या आवळतात. हा त्रास पळणं थांबल्यावर ५-१० मिनिटांत सर्वांत जास्त असतो आणि साधारण अर्ध्या ते एक तासात ओसरतो. म्हणजे मूल गणिताच्या तासाला बसलेलं असतं तेव्हा. त्या बाईंच्याही कानावर हे घालून ठेवा.

शिट्टी वाजली की मैदानाला दोन फेऱ्या, ही सुरुवात या मुलांना सर्वांत जाचते. आधी चालणं, मग संथ धावणं, मग ३० सेकंद जोरात आणि एक मिनिट चालत, असं पाच-सहा वेळा. एकूण १०-१५ मिनिटं. अशा तयारीनंतर बऱ्याच मुलांच्या नळ्या पुढचा तास-दोन तास कमी आवळतात. ३५ मिनिटांच्या तासात एवढा वेळ जातो खरा, पण सगळ्या वर्गाकडूनच करून घ्या. ती दोघं वेगळी पडत नाहीत. शेवटीही एकदम थांबवू नका, पाच मिनिटं चालवा.

डॉक्टरांनी खेळापूर्वी पंप (इनहेलर) सांगितला असेल तर तो १०-१५ मिनिटं आधी, म्हणजे वर्गातच घ्यायचा. मैदानावर येऊन घेतला तर औषध चढेपर्यंत धावणं सुरू झालेलं असतं.

खेळांत कबड्डी सोयीची : चढाई ३० सेकंदांची, मग उसंत. हिवाळ्यातल्या गार सकाळची लांब धाव सर्वांत त्रासाची. मातीच्या मैदानावर आधी पाणी मारा, आणि फक्की आदल्या संध्याकाळीच आखा. फक्की टाकायचं काम या मुलांना देऊ नका. हौसेने पुढे येतात, तरीही.

प्रश्न : मैदानावरच धाप लागली तर नेमकं काय करायचं? (शिक्षिका, सांगली)

उत्तर : ताठ बसवा, किंचित पुढे झुकवून. आडवं करू नका, भोवतीची गर्दी हटवा. निळा, म्हणजे नळ्या लगेच मोकळ्या करणारा पंप हलवून स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामधलं प्लॅस्टिकचं नळकांडं) लावा. एक फवारा, त्यावर चार श्वास. असे चार फवारे, दर वेळी पंप हलवून. चारही फवारे एकदम मारले तर बरंचसं औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं. चार मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा चार फवारे आणि लगेच १०८ला फोन. गाडी येईपर्यंत हाच क्रम चालू ठेवा. एक वाक्य सलग बोलता येत नाही, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, यांतलं काहीही दिसलं तर फोन आधी. घरघर अचानक थांबली आणि मूल मलूल झालं, तर ते बरं झालेलं नाही. हवा आत जाणंच कमी झालं आहे.

अंगावर गांधी, ओठ-चेहऱ्यावर सूज आणि सोबत धाप किंवा चक्कर असेल, तर ती तीव्र ॲलर्जी. तिथे नुसत्या पंपावर विसंबू नका. ॲड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं, तेव्हा थेट दवाखाना.

प्रश्न : मुलीचा पंप शाळेच्या ऑफिसात कुलपात असतो. आणि रोज घेतल्याने सवय लागते का? (एक आई, ठाणे)

उत्तर : सवय लागत नाही. पण खेळापूर्वीचे फवारे सोडून आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा निळा पंप लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही. रोजचं औषध डॉक्टरांकडून तपासून घ्या. कुलपातला पंप नसल्यातच जमा. तो मुलीच्या दप्तरात, आणि दुसरा पीटीच्या सरांच्या पिशवीत, नाव आणि मुदतीची तारीख लिहून. बरेच दिवस वापरला नसेल तर आधी दोन फवारे हवेत सोडा. आकडा दाखवणारा पंप घ्या. पाण्यात तरंगवून औषध किती उरलं ते कळत नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवा, फडक्याने पुसू नका. पुसल्याने प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध तिथेच बसतं.

प्रश्न : मैदानाच्या कडेला गाजरगवत माजलंय. त्याने त्रास होतो? (पालक, बीड)

उत्तर : होतो. परागांनी शिंका आणि दमा, स्पर्शाने कातडीला खाज. फुलं येण्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना मुळासकट उपटायचं, हातमोजे घालून, आणि मोठ्यांनी. ‘श्रमदान’ म्हणून मुलांना जुंपू नका. जाळू नका, धूर आणखी वाईट.