६० बाय ४० फुटांच्या जागेत किती खेळ बसतील?

सोसायटीत ६० बाय ४० फुटांची मोकळी जागा आहे आणि त्यात बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, कबड्डी, क्रिकेट सगळं बसवायचंय, असं तुम्ही विचारलंय. एवढ्याच जागेची आखणी आम्ही आमच्या सोसायटीत केली. पहिल्यांदा चुकलो, दुसऱ्यांदा जमली.

आधी टेप घेऊन बसा. क्रिकेटची खेळपट्टीच ६६ फुटांची, म्हणजे तुमच्या मैदानापेक्षा लांब. तेव्हा टेनिस बॉलचं अंडरआर्म क्रिकेट, तेही चारही बाजूंना नायलॉनची जाळी लावूनच. व्हॉलीबॉलचं कोर्ट १८ बाय ९ मीटर, म्हणजे जवळजवळ ५९ फूट लांब. ते कागदावर बसतं, पण सर्व्हिस करणारा उभा कुठे राहणार? खो-खोला २७ बाय १६ मीटर लागतात, त्यामुळे तो सोडावा लागला. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

बॅडमिंटन मात्र ४४ बाय २० फुटांत होतं. तोच तुमचा मुख्य खेळ धरा आणि बाकीचे त्याच्या रेषांवर बसवा. पिकलबॉलची, म्हणजे छोट्या बॅटने आणि प्लास्टिकच्या चेंडूने खेळायच्या टेनिससारख्या खेळाची, बाहेरची मापं तीच आहेत. लहान मुलांचं व्हॉलीबॉलही त्याच चौकटीत छान रंगतं, फक्त जाळी वर घ्यायची. त्यासाठी पोलवर वेगवेगळ्या उंचीचे हुक लावून घ्या: बॅडमिंटनला १.५५ मीटर, व्हॉलीबॉलला महिलांच्या मापाने २.२४ मीटर, लहानांना त्याहून खाली.

हे पोल कायमचे गाडू नका, ही कळकळीची विनंती. आम्ही गाडले होते. संध्याकाळी पकडापकडी खेळताना एक मुलगा धावत येऊन पोलवर आदळला, भुवईला टाके पडले. नंतर जमिनीत पाइपचे तुकडे पुरून घेतले. खेळताना पोल त्यात उभा करायचा, एरवी काढून पाइपवर जमिनीच्या पातळीत झाकण.

बास्केटबॉलची रिंग आखूड बाजूला लावायचा मोह होतो. ती लांब बाजूच्या मध्यावर लावा. तीन-तीन खेळाडूंच्या खेळाचं कोर्ट १५ मीटर रुंद आणि ११ मीटर खोल असतं, म्हणजे साधारण ४९ बाय ३६ फूट. ते अशाच आडव्या मांडणीत बसतं. रिंग ३.०५ मीटरवर असते, पण लहानांसाठी २.६० पर्यंत खाली येणारी घ्या. तिचा खांब मात्र कायमचा असतो, तेव्हा तो अगदी कडेला रोवा आणि त्याला जाड फोम गुंडाळा.

कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, तेही बसतं. पण कोब्यावर कबड्डी म्हणजे गुडघे फुटणार. मॅट घेणं जमणार नसेल तर कबड्डी मातीवरच खेळू द्या.

पेव्हर ब्लॉक टाळा, ते खचतात आणि पाय मुरगळतात. आम्ही कोबा केला. त्याला एकाच दिशेने १०० ला १ असा उतार हवा, म्हणजे ४० फुटांच्या रुंदीत साधारण ५ इंच. आमच्या पहिल्या कोब्याला उतारच नव्हता. पावसाळ्यात पाणी साचून शेवाळ धरलं आणि दोन महिने मैदान बंद ठेवावं लागलं. अग्निशमनाच्या गाडीचा रस्ता यात घेऊ नका.

खरी ओढाताण फुटांची नसून वेळेची असते. मोठी मुलं एकदा आली की लहान मुलं आणि मुली कडेला उभ्या राहतात. हे मी रोज खिडकीतून पाहिलंय. म्हणून ५ ते ६ लहानांचं मैदान, लंगडी आणि डबा ऐसपैस खेळायला. आठवड्यातून तीन संध्याकाळी ६ ते ७ फक्त मुलींचं. सकाळी ज्येष्ठांना चालायला. हे वेळापत्रक रंगाच्या आधी ठरवा आणि मुलांना बसवूनच ठरवा.

रंगही लगेच मारू नका. पंधरा दिवस फक्कीने रेषा आखून खेळून बघा. आमच्या मुलांनी चार दिवसांत सांगितलं की बॅडमिंटनचं कोर्ट भिंतीपासून दोन फूट सरकवा, शटल मारताना रॅकेट भिंतीला लागते. आम्ही सरकवलं, आणि मग रंग मारला.