सॅकचा वास पाठीकडून येतो

तुम्ही लिहिलंय की मागच्या ट्रिपला आठव्या-नवव्या दिवशी सॅकला असा कुबट वास सुटला की होमस्टेच्या काकूंनी ती व्हरांड्यातच ठेवायला लावली. आता जुलैत २२ दिवस मेघालयात जायचंय, तर आत कुठली सुगंधी पुडी ठेवावी?

पुडीचं नंतर बघू. आधी सॅक रिकामी करा, आत तोंड घालून वास घ्या. मग पाठीला टेकणाऱ्या भागाचा, खांद्याच्या पट्ट्यांचा आणि कमरेच्या पट्ट्याचा घ्या. बहुतेक वेळा गुन्हेगार बाहेरच सापडतो. घामाला स्वतःचा वास फारसा नसतो, त्यावर जिवाणू पोसायला लागले की तो सुटतो. पट्ट्यांमधला फोम दिवसभर घाम पितो, वरची जाळी पॉलिएस्टरची, तिला तो तेलकट वास धरून ठेवायची खोड. आणि आपण काय करतो, तर खोलीवर पोचल्यावर सॅक पाठ भिंतीला लावून कोपऱ्यात उभी करतो. फोम ओला तो ओलाच. सकाळी परत पाठीवर. असे आठ दिवस गेले की आत चाफ्याची परडी ठेवलीत तरी उपयोग नाही.

म्हणून मुक्कामाला पोचलो की चहाच्या आधी सॅक, हा माझा शिरस्ता. पंचा ओला करून घट्ट पिळायचा, पट्ट्या आणि पाठ दोनदा पुसायच्या, पंचा परत पिळून जोर लावून ओल टिपायची. मग सगळ्या चेन उघड्या टाकून सॅक खुर्चीवर पालथी, पाठ पंख्याकडे. पाच मिनिटं लागतात. पंचा म्हणजे आपला साधा सुती पंचाच. टर्किश टॉवेल घरी ठेवा. जुलैत मेघालयात तो वाळवायचा म्हणजे कोकणात श्रावणात पापड वाळत घालण्यातला प्रकार.

तिथला पाऊस हलक्यात घेऊ नका. मौसिनरामला वर्षाला सरासरी ११,८०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, मुंबईच्या चौपटीहून जास्त. रेनकव्हर वरून वाचवतं, पण मानेवरून पाठीवर ओघळणारं पाणी सॅकमध्ये शिरतंच. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणारे आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालून त्यात सामान भरतात, तेच करा. फक्त एक पथ्य: त्या पिशवीत ओलसर काहीही जाऊ द्यायचं नाही. ‘जवळजवळ वाळलाय’ असा एक मोजा सगळे कपडे नासवतो. ओल्याची पिशवी वेगळी, सगळ्यात वर, आणि पोचल्या पोचल्या ती उघडायची. खोलीवर इस्त्री मिळाली तर मागून घ्या. टी-शर्टातली उरलीसुरली ओल तिने जाते. बूट ओले असतील तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि झोपायच्या आधी एकदा बदला.

रेनकव्हरचा तो छोटा कप्पा असतो ना, सॅकच्या बुडाशी, तो कोणालाच आठवत नाही. मी एकदा खिरेश्वरवरून हरिश्चंद्रगड करून रात्री उशिरा कल्याणहून लोकल पकडली, घरी येऊन सॅक सरळ माळ्यावर टाकली. कव्हर त्याच कप्प्यात, चिंब. गणपतीनंतर उघडलं तर हिरवी बुरशी, आणि वास असा की आईने सॅक हातात धरून थेट जिन्यात नेऊन ठेवली.

रेल्वेने जाणार असाल तर अजून एक. कुर्ल्याहून गुवाहाटीकडची गाडी दोन दिवसांहून जास्त घेते. तेवढ्या वेळात डब्याच्या जमिनीवरून काय काय वाहतं ते विचारू नका. बर्थखाली सॅक ठेवताना खाली प्लास्टिक अंथरा. डब्यातली लसणीची चटणी आणि लोणचं सॅकमध्ये नको, हातातल्या पिशवीत ठेवा. तेल एकदा कापडात मुरलं की ट्रिप संपते, चटणी संपत नाही. (मालवणहून सॅकमधून सुके बांगडे आणणाऱ्यांना माझा दंडवत, त्यांच्यासाठी माझ्याकडे उपाय नाही.)

आता पुडी. सॅक कोरडी असेल तरच तिला अर्थ आहे. मी मूठभर वाळा मलमलच्या तुकड्यात बांधून ठेवतो, दादरला काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. हवा दमट झाली की त्याचा वास उलट जास्त खुलतो. नाहीतर वेष्टणासकट साबणाची एक वडी, आपल्या आया कपाटात ठेवतात तशी. शेवटी अंघोळीलाही होते. विमानाने जाणार असाल तर कापूर नको, तो ज्वलनशील पदार्थात मोडतो. डांबराच्या गोळ्या तर अजिबात नकोत, तो वास कपड्यांतून लवकर निघत नाही आणि ती वाफ श्वासात जाणंही बरं नाही.

धुवायची असेल तर आत्ताच, मे संपायच्या आत. जूनमध्ये मुंबईत फोम वाळायला चार दिवसही पुरत नाहीत. मशीनमध्ये टाकू नका. आतली ॲल्युमिनियमची पट्टी काढा, बादलीत कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्या, पट्ट्यांवर मऊ ब्रश फिरवा. साबण पूर्ण निघाल्यावर अर्ध्या बादलीत वाटीभर पांढरं व्हिनेगर घालून त्या पाण्याने पट्ट्या पुसा. व्हिनेगरचा वास वाळताना उडून जातो. गच्चीत सावलीला उलटी टांगा, सलग कडक उन्हात नायलॉन कमकुवत होतं.

सॅक किती वर्षांची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. आतल्या अस्तरावरून हात फिरवून बघा. चिकट लागलं, पापुद्रे सुटत असतील आणि ओकारीसारखा आंबट वास येत असेल, तर तो घाम नाही. पाणी आत येऊ नये म्हणून दिलेला पॉलियुरेथेनचा थर दमट हवेने विरघळत चाललाय. माळ्यावर पावसाळे काढलेल्या सॅकचं हेच होतं. तो वास कशानेही जात नाही, तेव्हा धुण्यात रविवार घालवू नका, जूनच्या आत नवीन घ्या.