साहेब जागेवर असताना ‘नाहीत’ म्हणून सांगावं का?

तुम्ही विचारलंय की साहेब समोर बसलेले असतात, ‘नाही म्हणून सांग’ म्हणतात, तुम्ही फोनवर तसं सांगता आणि रात्री प्रार्थनेच्या वेळी तेच टोचत राहतं. मग अशा प्रत्येक बारीक गोष्टीसाठी बायबल उघडायचं का?

आधी फोनचं बघू. ‘ते आत्ता बोलू शकत नाहीत, निरोप ठेवता का?’ असं म्हटलं की काम भागतं आणि खोटंही बोलावं लागत नाही. यावर काहीजण बायबलच्या निर्गम पुस्तकातल्या पहिल्या अध्यायातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींचा दाखला देतात. नवजात मुलगे मारायचा हुकूम देणाऱ्या मिसरच्या राजाला, फारोला, त्या खोटं सांगून सुटल्याच की! पण त्या नवजात मुलांचे जीव वाचवत होत्या. आपण वाचवतो ती साहेबांची गैरसोय. (जुना ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन तर जीव वाचवण्यासाठीही खोट्याला परवानगी देत नाही. तेवढा कडक मी नाही.)

आता बायबल उघडण्याबद्दल. माझं सांगतो, मी घाईघाईने वचन शोधायला लागलो की बहुतेक वेळा सूट शोधत असतो. काय करायचं ते आधीच कळलेलं असतं, फक्त करायचं नसतं.

काही वर्षांपूर्वी एका बैठकीत माझ्या सहकाऱ्याने तयार केलेल्या अहवालाचं कौतुक माझ्या वाट्याला आलं. तो त्या दिवशी रजेवर होता. मी खोटं काहीच बोललो नाही, नुसता गप्प राहिलो. रात्री देवाकडे क्षमा मागितली आणि वाटलं, मिटलं. मग मत्तय ५:२३-२४ वाचनात आलं. वेदीपाशी अर्पण नेलंय आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा. लेवीय ६ मध्येही हाच क्रम आहे: लुबाडलेलं परत करायचं, वर पाचवा हिस्सा भरायचा आणि त्याच दिवशी दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचं अर्पण, आणायचं. येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने तर लुबाडलेल्याच्या चौपट देऊ केलं. मी मात्र माणसाला वगळून थेट देवाशी हिशेब मिटवायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘मला कळलंय.’ साहेबांना सांगणं जास्त जड गेलं, तिथे सरळसरळ नाचक्की होती.

खरोखर संभ्रम असतो अशा गोष्टी थोड्याच. तिथे मी १ करिंथ ८ कडे, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राकडे जातो. मूर्तीला वाहिलेलं मांस खावं की नाही, असा तिथला वाद होता. मूर्ती म्हणजे काहीच नाही, हे पौलाला मान्यच होतं. तरी तो म्हणतो, माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही. ‘मला चालतं का?’ हा प्रश्न तो ‘त्याचं काय होईल?’ इथे नेऊन ठेवतो. मात्र या अध्यायाचा आधार घेऊन दुसऱ्यांच्या वागण्यावर पहारा ठेवणारेही मंडळीत भेटतात. तसं करू नका. पौलाने सोडलं ते स्वतःचं ताट.

तुमच्या बाबतीत विचारायचं तर, ‘साहेब नाहीत’ ऐकून कुणाला उगाच खेप पडली का, कुणाचं काम अडलं का? तसा एखादा आठवत असेल तर आज त्याला फोन करा.