आधी शून्य कुठलं ते ठरव

प्रिय सहकारी,
सप्रेम नमस्कार.

बदलत्या हवामानाशी, पुराशी आणि दुष्काळाशी जुळवून घेण्यासाठी एकाच खोऱ्यातल्या नगरपालिका, पाणी खातं, शेतकरी संघ, रुग्णालयं आणि स्वयंसेवी संस्था यांची मोट बांधण्याचं काम तुझ्याकडे आलं आहे. पहिल्या बैठकीत सगळेच 'मिळून काम करू' म्हणतील आणि ते मनापासून म्हणतील. तरीही अशा आघाड्या मोडतात, कारण प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी असते. म्हणून पहिले तीन महिने आराखडा लिहायला घेऊ नकोस. आधी आकडे जुळव.

जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या मध्ये ऱ्हाईन नदीवर लाउफेनबुर्गला पूल बांधला जात होता. एक देश उंची मोजतो उत्तर समुद्राच्या पातळीपासून, दुसरा भूमध्य समुद्राच्या. दोन्हींत २७ सेंटिमीटरचा फरक आहे, हे अभियंत्यांना ठाऊक होतं. दुरुस्ती करताना अधिक-उण्याची चूक झाली आणि फरक मिटण्याऐवजी ५४ सेंटिमीटर झाला. पुलाची चूक वेळेत सापडली, सुधारता आली. पुराच्या इशाऱ्यात अशी गफलत झाली तर वरच्या गावानं कळवलेले 'सहा मीटर' खालच्या गावात भलत्याच अर्थानं पोचतात, आणि तेव्हा सुधारायला रात्र उरलेली नसते.

तेव्हा प्रत्येक संस्थेकडून पाच गोष्टी लेखी माग: मोजमापाचं नेमकं ठिकाण, शून्य पातळी कशाला धरली, एकक कोणतं, नोंद किती वाजता होते, आणि नोंदी कधीपासून आहेत व मध्ये कुठे खंड आहे. एकक किरकोळ समजू नकोस. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट, आणि विसर्गाच्या तक्त्यात दोन्ही मिसळलेले सापडतात. नोंदीच्या वेळेकडे तर कुणीच बघत नाही. एका केंद्राचा पावसाचा दिवस सकाळी सुरू होतो, दुसऱ्याचा मध्यरात्री. मग रात्रभर कोसळलेला एकच पाऊस एका वहीत सलग दिसतो आणि दुसरीत दोन तारखांत वाटला जातो. त्या वहीवरून काढलेली अतिवृष्टीची वारंवारता खोटी निघते.

मागचे आकडे जुळले की पुढचा आकडा ठरव. अमेरिकेत आग्नेय फ्लोरिडातल्या चार काउंटींनी, म्हणजे जिल्ह्यांनी, २०१० मध्ये करार केला आणि समुद्रपातळीच्या वाढीचा एकच सामायिक अंदाज स्वीकारला. पुढे तो वेळोवेळी सुधारलाही. आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालात समुद्रपातळीची २१०० पर्यंतची संभाव्य वाढ हरितगृह वायूंचं उत्सर्जन अगदी कमी राहिलं तर ०.२८ ते ०.५५ मीटर आणि अतिशय जास्त राहिलं तर ०.६३ ते १.०१ मीटर आहे. यातला मधला आकडा काढून मोकळं होण्याचा मोह आवर. दहा वर्षांत बदलायच्या गटारासाठी खालची बाजू चालेल; रुग्णालय किंवा जलशुद्धीकरण केंद्र कित्येक दशकं उभं राहायचं आहे, तिथे वरचीच धर. कुठल्या बांधकामाला कुठला आकडा, हे करारात लिहून घे. नाहीतर प्रत्येक ठेकेदार स्वस्त पडणारा आकडा निवडेल.

आता सगळ्यांत अवघड भाग. एका काठानं भिंत उंच केली की पाणी समोरच्या काठावर किंवा खाली जातं. जुळवून घेण्याच्या नावाखाली शेजाऱ्याचा धोका वाढवणं ही या कामातली खरी चूक, आणि ती करणारा बहुधा आपल्या हद्दीत यशस्वी ठरतो. ऱ्हाईनच्या खोऱ्यातले देश १९५० पासून एका आयोगात एकत्र आहेत. तरी १९९३ आणि १९९५ च्या मोठ्या पुरांनंतर, १९९८ मध्ये, पूर-कृती आराखडा ठरला, आणि त्यात नदीला पसरायला जागा परत देण्यावर भर होता. ही जागा सहसा वर असते आणि फायदा खाली होतो. शेत ज्याचं बुडणार, त्याला भरपाई कोण, किती दिवसांत, कुठल्या निकषावर देणार, हे पाणी सोडण्याआधी कागदावर हवं. 'सहकार्य केलं जाईल' असं मोघम वाक्य कुणाच्याही मसुद्यात दिसलं तर खोडून टाक.

इशारा पातळी आणि धोका पातळी, दोन्हींसाठी एकेक तक्ता कर: कोण कुणाला किती मिनिटांत फोन करणार, ती व्यक्ती नसेल तर कोण, आणि फोननंतर नेमकं काय करायचं. पावसाळ्याआधी एकदा रंगीत तालीम घे. रात्री घे, आणि प्रमुखांना मुद्दाम बाहेर ठेवून घे. बदली झालेल्या अधिकाऱ्याचा जुना नंबर तेव्हाच सापडतो.

पैशासाठी संकटाआधीची सोय बघ. कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये सामायिक विमा निधी उभारला. त्यात नुकसानीची पाहणी होईपर्यंत थांबत नाहीत. वाऱ्याचा, पावसाचा किंवा भूकंपाचा ठरलेला उंबरठा ओलांडला की १४ दिवसांत रक्कम देण्याची व्यवस्था आहे. वेग मिळतो, पण प्रतिमान, म्हणजे नुकसानीचा अंदाज काढणारं गणित, चुकलं तर हात रिकामे राहतात. २०१५-१६ च्या दुष्काळात मलावीला आफ्रिकेच्या अशाच योजनेतून सुरुवातीला काहीच मिळालं नाही. हिशेबात जास्त दिवसांचा मका धरला होता. शेतकरी कमी दिवसांचा लावत होते. ते सुधारल्यावर सुमारे ८१ लाख डॉलर मंजूर झाले, पण उशिरा. म्हणून विम्याच्या प्रतिमानातली पिकं आणि पेरणीच्या तारखा दर हंगामात शेतकरी संघाकडून तपासून घे.

समन्वयकाचं पद पगारी असू दे, आणि त्याचा पगार किमान तीन संस्थांच्या वर्गणीतून येऊ दे. एकाच संस्थेच्या पैशावर चालणारा समन्वयक बाकीच्यांना तिचाच माणूस वाटतो. करार चार पानांचा पुरे. आकडे, नंबर, तक्ते परिशिष्टात ठेव, म्हणजे ते बदलायला पुन्हा सगळ्यांच्या सह्या लागणार नाहीत. इतिवृत्त आठवड्याच्या आत पाठव, प्रत्येक ठरावापुढे एकाच व्यक्तीचं नाव आणि तारीख घालून.

पावसाळा संपला की महिन्याभरात सगळ्यांना बसव. दिलेले पण फोल ठरलेले इशारे एका रकान्यात, द्यायला हवे होते पण दिले नाहीत ते दुसऱ्यात. फोल इशाऱ्यांवरून कुणाला धारेवर धरू देऊ नकोस, नाहीतर पुढच्या वर्षी तो अधिकारी फोन करण्याआधी दहा मिनिटं थांबेल. दोन्ही रकाने भरल्यावरच उंबरठे वरखाली करा, आणि नवा तक्ता त्याच दिवशी सगळ्यांच्या हातात दे.

तुझ्या कामाची आस्था असलेले,
तुझे ज्येष्ठ सहकारी