‘भुसभुशीत’ कोठे वापरावा?
नव्याने लिहू लागलेल्या आपल्याला माझा आग्रहाचा सल्ला असा की, ‘भुसभुशीत’ हे विशेषण योजण्यापूर्वी ती वस्तू बोटांनी दाबल्यास तिचे कण सुटे होतात का, हे पाहावे. नांगरून कुळवलेली, शेणखत मिसळलेली ओलसर माती मुठीत दाबली असता तिचा गोळा होतो आणि हलक्या टिचकीने तो फुटतो. कणांमध्ये हवा खेळती असलेली अशी जमीन खरी भुसभुशीत. वाळवीने पोखरलेल्या लाकडालाही हा शब्द शोभतो. इडली मऊ आणि सच्छिद्र असली, तरी ती भुगा होऊन सुटत नाही, म्हणून तिला लुसलुशीत किंवा जाळीदार म्हणावे. नानकटाई मात्र खुसखुशीत. कोकणातला जांभाही सच्छिद्रच, परंतु ज्याच्या चिऱ्यांनी घरे बांधतात त्याला भुसभुशीत म्हणणे मला मुळीच पटत नाही.