विमान उतरत असताना समोरचा ड्रोन पायलटला दिसत का नाही?

मुख्य कारण म्हणजे तो हलताना दिसत नाही. आपली नजर हालचाल पटकन टिपते, पण नेमक्या टकरीच्या वाटेवर असलेली वस्तू समोरच्या काचेत एकाच जागी ठिपक्यासारखी राहते. मोठी होते ती शेवटच्या काही सेकंदांत. त्यात उतरताना पायलटचं लक्ष धावपट्टी, वेग आणि उंचीवर असतं.

टोरांटोजवळच्या बटनव्हिल विमानतळावर १० ऑगस्ट २०२१ रोजी हेच झालं. उतरायला आलेलं सेसना १७२ हे छोटं विमान ४०० फुटांवर एका जागी थांबलेल्या ड्रोनवर आदळलं. विमानातल्यांना वाटलं, पक्षी धडकला असेल. खाली उतरून पाहतात तर इंजिनाचं आवरण चेपलेलं! कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. आणि ड्रोन कुणा हौशी पोराचा नव्हे, चक्क स्थानिक पोलिसांचा होता.

रडारच्या भरवशावरही राहता येत नाही. बहुतेक छोट्या ड्रोनमध्ये ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला आणि इतर विमानांना आपली जागा कळवणारं यंत्र, नसतो, त्यामुळे विमानातली टक्करविरोधी यंत्रणाही गप्पच बसते. म्हणून विमानतळाजवळ टक्कर टाळायची जबाबदारी आधी ड्रोनवाल्याची. विमानाचा आवाज आला की ड्रोन ताबडतोब खाली घ्यायचा.